डब्यावरचे अठ्ठ्याण्णव टक्के

बेंगळुरूच्या मेट्रोत हिरव्या मार्गावर यशवंतपूरला लागूनच ‘सँडल सोप फॅक्टरी’ नावाचं स्थानक आहे. स्थानकांना थोर पुरुषांची नावं देण्याची आपली हौस पाहता एका साबणाला हा मान मिळाला, याचं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला फार अप्रूप. तसे या साबणामागेही थोर पुरुष आहेतच. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं चंदन युरोपात जाईना, ओंडक्यांचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी त्याचं तेल काढायचं मनावर घेतलं, आणि पाठोपाठ सरकारी साबण कारखाना निघाला. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे. म्हणजे निम्मे आपलेच. साबण शिकायला त्यांनी एस. जी. शास्त्री यांना इंग्लंडला धाडलं. लोक त्यांना पुढे ‘सोप शास्त्री’ म्हणू लागले. घराण्यातल्या जुन्या शास्त्र्यांना हे कसं वाटलं असेल, देव जाणे.

हल्ली आमच्या सोसायटीतही दोन-चार सोप शास्त्री झाले आहेत. शेजारच्या वहिनी त्यांतल्या एक. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा, वरून चंदनाचा वास. पण त्यांच्या वड्या घट्टच होईनात, हाताला तेलकट लागायच्या.

“काका, माप बरोबर घेतलंय हो. किलोभर तेलाला एकशेऐंशी ग्रॅम कॉस्टिक. आणि हे बघा, डब्यावर अठ्ठ्याण्णव टक्के लिहिलंय की!”

“ते डबा बंद होता तेव्हाचं,” मी म्हणालो.

कॉस्टिकइतका हावरट पदार्थ शोधून सापडायचा नाही. झाकण उघडं राहिलं की हवेतलं बाष्प पितो, कार्बन डायऑक्साइड खातो, आणि बसल्या जागी त्यातल्या काहीचा धुण्याचा सोडा होऊन जातो. दिसायला मात्र तसाच पांढराशुभ्र. जुने साबणवाले साबण जिभेला लावून खार ओळखायचे. वहिनींना हा उपाय सांगण्याची माझी हिंमत नव्हती. म्हणून माळ्यावरचा ब्युरेट (तोटी असलेली, खुणा केलेली काचेची नळी) काढला. मुलाकडे राहायला येताना लोक लोणच्याच्या बरण्या आणतात, मी ब्युरेट आणला होता. सूनबाईंनी तो अजून टाकून दिलेला नाही, हा तिचा मोठेपणा.

चार ग्रॅम कॉस्टिक लिटरभर पाण्यात. त्यातलं 25 मिलिलिटर पिपेटने फ्लास्कमध्ये, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, की झगझगीत गुलाबी. वरून ब्युरेटमधून 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. माल चोख असता तर बरोबर 25 मिलिलिटर लागलं असतं.

या तपासणीतली खरी गंमत (आणि मुलांची खरी पंचाईत) अशी की, इथे रंग यायचा नसतो, जायचा असतो. पाहुणा आला की दार वाजतं; गेला कधी, ते कळत नाही. पाणी रंगहीन झालं म्हणून तोटी बंद करावी, तर ते आत्ता झालं की चार थेंबांपूर्वीच, याचा पुरावा कुठे? म्हणून शेवटी अर्धा थेंब टोकाशी लोंबू द्यायचा, काचेला टेकवायचा, पिचकारीने खाली धुऊन घ्यायचा. वहिनी श्वास रोखून बघत होत्या. 22.2 वर गुलाबी गेला. मग मिथिल ऑरेंज घातलं. पिवळ्याचा नारिंगी व्हायला आणखी 0.8.

हा दुसरा आकडाच चुगली करतो. फिनॉल्फ्थॅलीन धुण्याच्या सोड्याचं काम निम्म्यात टाकून उठतं, उरलेलं निम्मं मिथिल ऑरेंज पुरं करतं. म्हणजे सोड्याच्या वाट्याचं ॲसिड 0.8 च्या दुप्पट, 1.6, कॉस्टिकच्या वाट्याला उरलं 21.4. हिशेब केला तर शंभरात जेमतेम 86 कॉस्टिक, साडेआठ धुण्याचा सोडा, बाकी बहुतेक पाणी.

“म्हणजे दुकानदाराने फसवलं?”

“नाही हो. हवेने.”

तरी त्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. हे शास्त्रच मुळी गिऱ्हाइकाच्या संशयातून वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कापड धुऊन पांढरं करणाऱ्यांना पोटॅश आणि सोडा विकत घ्यावा लागे, आणि त्यात खरा खार किती ते कळायला मार्ग नसे. देक्रोआझिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्यासाठी खुणा केलेली काचेची नळी बनवली. ब्युरेटचं कूळ शोधत गेलं की असं परटाच्या घाटावर पोचतं.

वहिनींनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि माप वाढवून नवा घाणा लावला. वड्या आता खडखडीत होतात. घरी साबण करणाऱ्या बाकीच्यांना एवढंच सांगणं: कॉस्टिकचा डबा लहान घ्या, झाकण लगेच लावा, आणि कॉस्टिक पाण्यात टाका, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका.