लागेलकरांचे घनमीटर

ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमधलं बिऱ्हाड परदेशी हलवायचं ठरलं की त्या घरात एक माणूस आपोआप तयार होतो. त्याला आपण लागेलकर म्हणू. मूव्हर्स कंपनीचा माणूस सर्व्हेला येतो, खोल्याखोल्यांतून फिरतो आणि प्रत्येक वस्तूपुढे थांबून एकच प्रश्न विचारतो, ‘हे न्यायचं का?’ लागेलकरांचं उत्तरही एकच असतं. खिळ्यांचा डबा? लागेल. कुकर भंगारात गेला, पण त्याची शिट्टी उरली आहे, लागेल. तीनचाकी सायकल? ती चालवणारा इंजिनियर होऊन आईवडिलांना तिकडे बोलावतो आहे, तरी लागेल. या माणसाला हसण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. माझं म्हणणं असं की लागेलकर अधूनमधून चुकतात खरे, पण जिथे लोक सर्वात मोठ्याने हसतात तिथे ते मुळीच चुकलेले नसतात. पाटा-वरवंट्याचंच घ्या.

आपल्या मध्यमवर्गाची परदेशी बुद्धी विमानाने घडवली, म्हणून ती किलोत चालते. २३ किलोंच्या बॅगा, बाथरूममधला वजनकाटा, विमानतळावर ऐन वेळी अंगावर चढवलेले दोन स्वेटर. या बुद्धीला दगड परदेशी नेणं म्हणजे वेडाचा कळस वाटतो. पण जहाजाचा हिशेब निराळा. न्हावाशेवाहून निघणाऱ्या कंटेनरमध्ये चार जणांच्या सामानाबरोबर आपलं टाकलं, तर भाडं साधारणपणे जागेवर, म्हणजे घनमीटरवर बसतं. वीस किलोंचा पाटा बांधाबांधीसकट घनमीटरचा पन्नासावा भाग अडवतो. तिघांचा सोफा सहज दीड घनमीटर खातो, आणि त्यातली बरीचशी हवाच असते. म्हणजे एका सोफ्याच्या जागेत पंचाहत्तर पाटे जातात. (जहाजवाले एक घनमीटर म्हणजे एक टन धरतात आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात, पंचाहत्तर पाट्यांचं वजन दीड टन, म्हणजे तिथेही हिशेब काठावर सुटतो. लागेलकरांना हे सांगू नये.) वरवंटा नेणाऱ्याला आपण खुळा म्हणतो आणि हवा समुद्रापार नेणाऱ्या सोफेवाल्याला व्यवहारी. कुकरमध्ये मोजे आणि पिंपात पुस्तकं कोंबणाऱ्या लागेलकरांना मात्र घनमीटर न शिकवताच कळलेला असतो.

‘तिकडे सगळं मिळतं हो,’ हा नेहमीचा आक्षेप. मिळतं, पण इकडचा मिक्सर अमेरिकेत चालत नाही. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. पाट्याला व्होल्टेज लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लागेलकर जे नेतात ते वापरत तरी कुठे? इथे कस्टम्सवाले आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने उभे राहतात. बिऱ्हाड म्हणून करमाफी हवी असेल तर वस्तू वापरातली असावी, असा बहुतेक देशांचा दंडक. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात एक वर्षाचा, ब्रिटनमध्ये सहा महिन्यांचा. आणि लागेलकरांच्या शोकेसमध्ये लग्नात आलेला टी-सेट पंचवीस वर्षं मूळ खोक्यात बसलेला! रिमोटवरचं प्लॅस्टिक निघालेलं नाही. ज्या घरात चांगली वस्तू म्हणजे न वापरलेली वस्तू, त्या घराने वापराचा पुरावा कुठून आणायचा? हा मुद्दा मी मान्य करतो. फक्त एवढंच म्हणेन की वापराची व्याख्या सरकारची वेगळी आणि आपली वेगळी. पंचवीस वर्षं ‘पाहुणे आले की काढू’ म्हणत एखादी वस्तू जपणं हाही एक प्रकारचा वापरच आहे. त्यासाठी अर्जात रकाना नाही, इतकंच.

लागेलकरांचा खरा पराभव होतो तो पॅकर्सकडून. ही मंडळी कमालीची आज्ञाधारक. ‘सगळं पॅक करा’ म्हटलं की सगळं करतात, कचऱ्याच्या डब्यातल्या कचऱ्यासकट. पासपोर्ट वेगळा ठेवला नाही तर तोही कागदात गुंडाळून बंदरावर जायला तयार. लागेलकरांना हे परक्या हातांचं बांधणं पटत नाही, म्हणून ते रात्री जागून स्वतः सुतळीने बारा खोकी बांधतात. मालकाने बांधलेली खोकी यादीत तशीच वेगळी नोंदली जातात आणि आत काही फुटलं तर विमा सहसा हात वर करतो. त्यातून ऑस्ट्रेलियाला जायचं असेल तर केरसुणी, सूप, लाकडी देव्हारा आणि तळव्याला माती लागलेले बूट यांची बंदरावर कसून तपासणी होते, एखादी वस्तू जप्तही होते. इथे मात्र लागेलकरांची बाजू घेणं मला जमत नाही. केरसुणी कशाला न्यायची?

पुढे केव्हातरी सामान पोचतं. तिकडची माणसं वस्तू जागेवर लावतात आणि रिकामी खोकी, बबल रॅप, पुठ्ठे गाडीत भरून न्यायला निघतात. ते कामही बहुधा दरातच धरलेलं असतं. लागेलकर दारात आडवे उभे राहतात. खोकी चांगली जाड, पाच थरांची आहेत. गॅरेजही रिकामंच आहे.