अठरा गुण जमले

चेन्नईत अड्यार नदी समुद्राला मिळते तिथे थिऑसॉफिकल सोसायटीचं आवार आहे. ही मंडळी 1882 पासून इथलीच. आवारातल्या प्राचीन वडाचा मधला बुंधा 1989 च्या वादळात कोसळला, पण पारंब्यांनी घर सोडलेलं नाही. असल्या सावलीत बसलं की कुठलीही गोष्ट पटू लागते. डोळे मिटून अणू दिसतो, हीसुद्धा.

तो पाहिलाही गेला. टिळकांच्या जोडीने होमरूलसाठी झटलेल्या, याच सोसायटीच्या बेझंटबाई आणि त्यांचे सहकारी लेडबीटर 1895 मध्ये दिव्यदृष्टीने मूलद्रव्यं न्याहाळू लागले; 1908 मध्ये त्याचं ‘ऑकल्ट केमिस्ट्री’ हे पुस्तक झालं. हायड्रोजनमध्ये त्यांना 18 ‘अणू’, म्हणजे त्यांच्या मते सर्वांत सूक्ष्म कण, दिसले. मग बाकीच्यांचे अणू मोजायचे आणि 18 ने भागायचं. ऑक्सिजनचे 290, भागाकार 16.11; प्रयोगशाळेतला अणुभार 16. एक द्रव्य 36 अणूंचं निघालं, त्याचं नाव ठेवलं अड्यारियम. आता पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जमले की आपल्याकडे मुहूर्त काढायला घेतात. इथे तर पुरे 36. स्थळ नाकारणार कोण? बघणारे डोळे मात्र मोजकेच. शेजारच्याने मिटले, तर त्याला बहुधा झोप लागायची.

मला त्यांचा राग येत नाही. इतक्या निष्ठेने मोजणाऱ्या माणसांचा कसा येणार? नवल वाटतं ते या सोयरिकीच्या चिवटपणाचं. पुढे विज्ञानाने हायड्रोजनच्या गर्भातल्या प्रोटॉनमध्ये तीनच क्वार्क सांगितले, तेव्हा 1980 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन फिलिप्स यांनी हिशेब मांडला: पाहताना दोन अणुगर्भ एकत्र आले असावेत, आणि प्रत्येक क्वार्कच्या पोटात आणखी तीन कण असावेत. दोन त्रिक सहा, सहा त्रिक अठरा. मोडू पाहणारं लग्न पुन्हा जमलं.

याउलट रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेएवने 1871 मध्ये एका न सापडलेल्या धातूची घनता पाण्याच्या सुमारे सहापट असेल, असं लिहून ठेवलं. 1875 मध्ये गॅलियम सापडलं आणि शोधणाऱ्याचा आकडा आला 4.7. मेंडेलेएवने कळवलं, पुन्हा मोजा. शुद्ध नमुना घेऊन मोजलं, तर 5.9. आकडा 4.7 वरच अडला असता तर त्याचं जगभर हसं झालं असतं, आणि त्या हशाची सोय मेंडेलेएवने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. वैज्ञानिक म्हणायचं ते याला. अड्यारियमला बिचाऱ्याला चुकायची मुभाच कुणी दिली नाही.