नजरेच्या टप्प्यात

केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलचा किल्ला स्पष्ट दिसतो. पण दिसला म्हणून पोचता येत नाही, फेरीबोट लागते. इन्फ्रारेड किरणांनी माहिती पाठवणाऱ्यांचा कारभार मात्र सगळा दिसण्यावरच चाले. १९९३ साली कंपन्यांनी मिळून इन्फ्रारेड डेटा असोसिएशन काढली आणि पुढच्याच वर्षी पहिलं मानक आणलं: अंतर एक मीटर, कोन मधल्या रेषेपासून १५ अंश, वेग सेकंदाला ११५.२ किलोबिट. एकमेकांच्या मुळावर उठलेल्या कंपन्यांचं एवढ्या लवकर जुळलं, हे ऐकून आमची ग्रामसभा तहकूबच होईल.

नियम मोठे सोज्वळ. दोन मोबाइलांनी समोरासमोर बसायचं, हलायचं नाही, मध्ये कुणी यायचं नाही. गाणं पलीकडे पोचेपर्यंत दोन्ही मालक असे अवघडलेले, जणू मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम चालू आहे. मग ब्लूटूथ आलं. ते खिशातून, पाठ फिरवूनही बोलू लागलं, आणि समोरासमोरचा व्यवहार मागासलेला ठरला.

टीव्हीच्या रिमोटला हे एकमत कधी मानवलंच नाही. किरण त्याच जातीचा, पण भाषा ज्या त्या कंपनीची: फिलिप्सची आरसी-५ निराळी, एनईसीची निराळी. म्हणून टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, एसीचा तिसरा. एकमताने ठरलेलं बाद झालं, भांडण तेवढं प्रत्येक घरात टिकलं. समित्यांवरच्या मंडळींनी हे मनाला लावून घेऊ नये. भत्ता मानकाचा नसतो, बैठकीचा असतो.