रोल धुवायचा राहिलाय

फ्रिजचं दार उघडल्यावर अंड्यांच्या खणात अंड्यांऐवजी फिल्मच्या काळ्या डब्या दिसल्या, की समजावं, या घरात एक आप्पा राहतात. ठाणे-डोंबिवलीकडच्या जुन्या सोसायट्यांत असे आप्पा अजून सापडतात. वय साठीच्या पुढे. नोकरी बँकेत नाहीतर रेल्वेत झालेली. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी काचेचा थर्मामीटर. गळ्यात कॅमेरा बघून आपण सहज विचारतो, "काय आप्पा, फोटोबिटो?" त्यावर आप्पा आपल्याला नीट न्याहाळतात आणि उलट विचारतात, "तुम्ही कशात धुता?"

आपण साबणाचं नाव सांगितलं, तर ओळख तिथेच संपते.

आप्पांची भक्ती ब्लॅक अँड व्हाइटवर, आणि त्यातही मंद फिल्मवर. २५ आयएसओ, ३२, अगदी नाइलाज झाला तर ५०. चारशेवाले लोक त्यांच्या मते उतावळे. विसर्जनाची मिरवणूक, लोकलची गर्दी, असलं काहीतरी टिपत हिंडणारे. मंद फिल्ममध्ये चांदीचे कण फार बारीक, त्यामुळे फोटो भिंतीएवढा केला तरी रवाळ दिसत नाही. मात्र तिला उजेड भरपूर लागतो. संध्याकाळी खिडकीपाशी भिंग जरा बारीक केलं, की सेकंदभर शटर उघडं ठेवावं लागतं. म्हणून आप्पांच्या फोटोंतल्या कोणालाही हलता येत नाही. पिंपळाचं खोड, वाड्याचं दगडी जोतं, समोरच्या इमारतीच्या विटा, आणि काकू. यांपैकी फक्त काकूंना "हलू नकोस" असं सांगावं लागतं. त्या हलत नाहीत, पण बोलतात. त्यामुळे विटा जेवढ्या रेखीव येतात तेवढ्या काकू येत नाहीत.

एक काळ असा होता, की आप्पांना निवड करायची सोयच नव्हती. पूर्व जर्मनीतून ओर्वोची फिल्म यायची, उटीच्या कारखान्यातली 'इंदू' मिळायची. एनपी १५ नावाची ओर्वो २५ एएसएची, म्हणजे आजच्या भाषेत २५ आयएसओची. ती मिळाली, की आप्पा गल्लीतल्या स्टुडिओवाल्याकडे जात आणि तो बरणीत जे काही कालवून ठेवलेलं असे, त्यात रोल धुऊन घेत. बरणीत काय आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. दिवाणखान्यात आज जे चार फोटो फ्रेम करून लावलेत, ते सगळे त्या बरणीतले आहेत.

पुढे बाजार उघडला, बोराबाजारात हवं ते मिळू लागलं, आणि आप्पांची शांत झोप गेली.

मंद फिल्मचं दुखणं असं, की ती मुळात तापट. काळं ते काळंकुट्ट, पांढरं ते पांढरंफटक. वैशाखाच्या उन्हात अंगणातलं पांढरं धोतर आणि पडवीतली आजी, दोघांना एकाच फोटोत सांभाळायचं म्हणजे डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, समजूतदार हवा. आप्पा हे पंगतीच्या भाषेत समजावतात. डेव्हलपर भरपूर पाणी घालून पातळ करायचा आणि ज्यात रोल धुतात ती टाकी फार हलवायची नाही. म्हणजे प्रत्येकाच्या पानात वाढप बेताचंच. उजेड पडलेला भाग खादाड, तो आपल्या वाट्याचं क्षणात संपवून रिकाम्या पानाकडे बघत बसतो. सावलीतला भाग सावकाश जेवतो, त्याचं चालूच राहतं. टाकी हलवणं म्हणजे वाढप्यानं पुन्हा फिरणं. तो वारंवार फिरला, की धोतर माजतं.

इथवर कोणाचंच भांडण नाही. भांडण पुढे आहे, आणि त्यासाठी तात्या लागतात. प्रत्येक आप्पांना एक तात्या असतातच.

आप्पा रोडिनलवाले. बर्लिनच्या आग्फानं हा डेव्हलपर १८९१ साली काढला. इकडे पुण्यात संमतिवयाच्या कायद्यावरून रण पेटलं होतं, त्याच वर्षी. तो वाद विझला, आग्फाचा फिल्मचा धंदाही २००५ साली बुडाला, पण रोडिनल अजून विकलं जातं आणि बाटली वर्षानुवर्षं टिकते. आप्पांच्या बाटलीतला द्रव आता दाट चहाच्या रंगाचा झालाय. त्याचा त्यांना अभिमान आहे. एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी. फोटोतली कड अशी उमटते, की बोट कापावं.

तात्या डी-७६ वाले. कोडॅकनं १९२७ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मसाठी काढलेलं. तात्यांना कृती तोंडपाठ: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, टाकणखार २. प्रिन्सेस स्ट्रीटवरून पुड्या आणून तात्या ते घरी तोलतात. मेटॉलनं त्यांच्या बोटांना खाज सुटते, पण तत्त्व सोडवत नाही. यातलं सल्फाइट कणांच्या कडा विरघळवतं आणि रवा मऊ पडतो.

"पण मंद फिल्मला मुळात रवाच नाही, तर मऊ काय करता?" आप्पा फोनवर ओरडतात. "कडा मात्र घालवता!"

"आणि तुम्ही बिनरव्याची फिल्म महाग पडली तरी घेता, आणि रोडिनलमध्ये घालून रवा परत आणता!" तात्या तिकडून.

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच हा वाद मिटत नाही. रवा नको म्हणून सुरुवात केलेला माणूस हळूहळू धारेच्या नादी लागतो, धार आली की रवा दिसतो, रवा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. अधूनमधून दोघंही एकमेकांना न सांगता तिसरीकडे डोकावतात. तात्यांनी एकदा कागदपत्रांच्या नकला काढायची फिल्म आणली. तिला करडा रंग ठाऊकच नाही, फक्त काळा आणि पांढरा. तिच्यासाठी फेनिडोन दीड ग्रॅम आणि सल्फाइट तीस ग्रॅम, एवढ्या दोनच जिनसांचं पाणी करायचं आणि लगेच वापरायचं. आप्पांनी कॉफीत धुऊन पाहिलं. ही थट्टा नव्हे. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि सी जीवनसत्त्व एवढ्यावर फिल्म खरंच धुतली जाते, १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला एका वर्गानं कॉफीत फिल्म धुऊन दाखवलीय. फक्त वास फार वाईट येतो. त्या दिवशी व्याही यायचे होते. त्यांनी चहाच मागितला.

धुण्याचा दिवस उजाडलाच, तर घराचा कारभार थांबतो. काळी पिशवी उसवलेली, म्हणून आप्पा दोन रजया पांघरून आत रोल चाकावर चढवतात. बाहेरून कोणी पाहिलं तर हिवताप वाटावा. डेव्हलपर २० अंशांवर हवा, आणि मे महिन्यात नळाचं पाणी तिशीला टेकलेलं. मग परातीत बर्फ, बर्फात टाकी, टाकीत थर्मामीटर. तापमान १८ वर उतरलं, की गरम पाणी. २२ झालं, की पुन्हा बर्फ. पाणी गरमच राहू देऊन वेळ कमी केला तर? पाच मिनिटांच्या आत आटपलं, की डाग पडतात, असं आप्पा म्हणतात आणि ते खरंच आहे. पुढे बाथरूमच्या दोरीला चिमट्यांनी लटकलेल्या फिल्मवर धूळ बसू नये म्हणून घरातले पंखे बंद. काकू शेजारी जाऊन बसतात.

पण हा दिवस वर्षातून कितीदा येतो? इथेच खरी मेख आहे. आप्पांच्या लाडक्या पॅन एफ प्लसबद्दल इलफर्ड कंपनीच सांगते, की फोटो काढल्यावर तीन महिन्यांच्या आत रोल धुवा, कारण फिल्मवर उमटलेली पण अजून न दिसणारी प्रतिमा हळूहळू विरत जाते. आप्पा गणपतीत रोल भरतात. दसऱ्यापर्यंत रोडिनल, दिवाळीत तात्यांच्या भिडेखातर डी-७६, नाताळात दोन्हींचा थोडा थोडा विचार. रोल फ्रिजमध्ये. संक्रांतीला "आता थंडी आहे, बर्फ लागणार नाही" म्हणून निश्चय होतो आणि नेमकी थंडी जाते. होळीच्या सुमारास फिल्म धुतात, तेव्हा गणपती फिके आलेले असतात. काठावरचे आकडेसुद्धा पुसट. आप्पा भिंग लावून बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "डेव्हलपर चुकला."

मध्यंतरी खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आजोबांचा कॅमेरा घेऊन वर आला. एकच रोल, ५० आयएसओ. "आप्पा, कशात धुवू?" आप्पांनी त्याला बसवलं, काकूंनी पोहे दिले. ऊन कसं होतं, भिंग कुठलं, मोठं किती करणार, टाकी हलवताना मनगट फिरवतोस की खांदा, अशी चौकशी झाली. मुलगा जांभया देत गेला. काकूंना बरं वाटलं, पोरगं वाचलं.

आठवड्यानं रात्री साडेदहाला फोन वाजला. काकूंनी उचलला.

"काकू, आप्पा आहेत? नाही, धुतला नाही अजून. एवढंच विचारायचं होतं, पातळ करायला पाणी नळाचं घेऊ की आरओचं?"

काकूंनी रिसीव्हरवर हात ठेवून आत पाहिलं. आप्पा तात्यांना चिठ्ठी लिहीत होते.

"बाळा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं लग्न झालंय का रे? नाही ना? मग अजून सुटशील."