सॉफ्टवेअरला सोलापूर कळत नाही हो!

घराचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरला सोलापुरात जेवढ्या शिव्या बसतात, तेवढ्या उजनीच्या समांतर जलवाहिनीलाही बसल्या नसतील. हॅच भरत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, तुटक रेघ सलग दिसते, काल पाठवलेली फाइल आज समोरच्याकडे उघडत नाही, आणि हे सगळं निस्तरलंच तर ऑनलाइन तपासणीत लाल शेऱ्यांची रांग लागते. यातल्या बऱ्याच दुखण्यांवर कुठलाही ड्राफ्ट्समन झोपेतही औषध सांगेल. तुटक रेघ सलग दिसते, तर एलटीस्केल बदला. फाइल उघडत नाही, कारण समोरच्याकडे जुनी आवृत्ती आहे. खालच्या आवृत्तीत सेव्ह करून पुन्हा धाडा. फाइल जड झाली तर पर्ज, बिघडली तर ऑडिट, पारच गेली तर रिकव्हर. जुन्या फॉन्टमधलं ‘देवघर’ दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य झालं, तर युनिकोडमध्ये लिहा. (आपल्याकडे त्यापेक्षा इंग्रजीत ‘पूजा’ लिहून मोकळे होतात, देव समजून घेतो.) पण एवढी औषधं देऊनही जी दुखणी उरतात, ती सॉफ्टवेअरची नसतात. आपण घर कसं मोजतो, कसं विकत घेतो आणि कसं बांधतो, हे ते आपल्याला वाचून दाखवत असतं. त्यावर आपण नकाशा दुरुस्त करतो आणि घर तसंच ठेवतो. या कलेला ‘ट्रबलशूटिंग’ म्हणतात.

मोजमापापासून पाहू. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं, तेव्हापासून त्याच्या लेखी एक युनिट म्हणजे एक युनिट. ते फूट, मीटर की मिलिमीटर, हे काढणाऱ्यानं सांगायचं. इथेच घोळ होतो, कारण आपण जागा गुंठ्यात घेतो, खोली फुटात सांगतो, सळई मिलिमीटरमध्ये मागवतो, वाळू ब्रासमध्ये उतरवून घेतो आणि परवाना चौरस मीटरमध्ये मागतो. मग मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा मीटरच्या फाइलमध्ये येऊन पडतो. दहा फुटांच्या भिंतीची लांबी असते ३,०४८ मिलिमीटर. ती होते ३,०४८ मीटर. म्हणजे खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला चहा न्यायचा तर तीन किलोमीटरची पायपीट. सोलापूर महापालिकेची हद्द सुमारे १७८ चौरस किलोमीटर. अशा वीस खोल्यांत अख्खं शहर मावतं, वर मोरीला थोडी जागाही उरते. ही चूक पकडली जाते, कारण ती हजारपट असते. आपल्याला सांभाळून घ्यायची सवय आहे ती सात सेंटिमीटरच्या चुकीची, आणि ती फार थोड्यांना चूक वाटते.

खोली म्हटली की मराठी माणसाच्या तोंडात ‘दहा बाय दहा’ येतं. तिचं क्षेत्रफळ ९.२९ चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते, घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची हवी. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या मापावर संसार झाले, ते माप या निकषात वितभरही नाही, जेमतेम चार बोटांनी नापास होतं. एक भिंत सात सेंटिमीटर बाहेर सरकवली की हिशेब जुळतो. पडद्यावर ती सरकवायला अर्धा सेकंद लागतो आणि वीटही लागत नाही. जागेवर गवंडी दोरी धरतो ती दहा बाय दहाचीच, कारण नकाशात काय सरकलं हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. पूर्वी तर रेघ सरकवायचेही कष्ट नव्हते. मापावर दोनदा क्लिक करून हवा तो आकडा टाइप केला की रेघ जागच्या जागी राहून आकडा तेवढा वाढायचा. मग पुण्याच्या सॉफ्टटेकच्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली आल्या. त्या लिहिलेला आकडा वाचत नाहीत, बंद पॉलीलाइनचं क्षेत्रफळ स्वतः मोजतात. साखळीतला हा पहिलाच परीक्षक, जो उत्तर न बघता गणित करतो. साहजिकच तो ‘किचकट’ ठरला. पण उपाय निघालाच: माप बदलता येत नसेल तर नाव बदला. लहान बेडरूम ‘स्टोअर’ होते. तळमजल्याचं दुकान नकाशात ‘पार्किंग’ होतं, कारण पार्किंग एफएसआयमध्ये मोजलं जात नाही. यंत्राला रेघ मोजता येते, पण त्या पार्किंगमध्ये मोटारसायकल लागणार की किराणा, हे त्याला दिसत नाही.

मान्य आहे की प्रत्येक लाल शेरा म्हणजे चोरी पकडल्याचा पुरावा नसतो. एकावर एक पडलेल्या दोन रेघा, केसाएवढी फट, भलत्याच लेयरवर बसलेला जिना, अशा निरुपद्रवी गोष्टींवरूनही यंत्र अडून बसतं आणि प्रामाणिक वास्तुविशारदाचे दिवस खातं. पण फटीची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करू. हॅच भरत नाही, कारण आकृतीची हद्द कुठेतरी उघडी असते. सॉफ्टवेअरमध्ये ‘गॅप टॉलरन्स’ नावाची सोय आहे. ती वाढवली की उघडी हद्दही बंद आहे असं धरून रंग भरला जातो. आता १९९२च्या हद्दवाढीतल्या गुंठेवारीच्या जागांकडे पाहा. एका सातबाऱ्यावर डझनभर नावं, स्वतंत्र मोजणी नाही, आणि कागदावरचा रस्ता जागेवर निम्माच. जमिनीवरच हद्द मिटलेली नाही, ती पडद्यावर मिटणार कुठून? गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१चा. त्यात १ जानेवारी २००१पर्यंतची बांधकामं बसत होती. २०२१ साली ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. जगातला सर्वांत मोठा गॅप टॉलरन्स कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, आपल्या विधिमंडळात आहे, आणि त्याची किंमत वीस वर्षं आहे. त्यानं हजारो घरांना दिलासा मिळतो, हे खरंच. गरिबानं तुकडा घेतला तो हौसेनं नव्हे. फक्त हॅच भरत नाही म्हणून ड्राफ्ट्समनवर ओरडू नये, एवढंच.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हे परदेशी सॉफ्टवेअर, त्याला आपलं घर काय कळणार? यात तथ्य आहे. त्याच्या तयार ब्लॉकच्या खजिन्यात एल आकाराचा सोफा आहे, बाथटब आहे, वरून पाहिलेलं ताडाचं झाड आणि लांबलचक मोटारगाडी आहे. पूर्व भागातल्या घरात खाली खडखडणारा माग नाही, टॉवेलच्या गठ्ठ्यांना जागा नाही. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात ज्याच्यावाचून घर चालत नाही, तो जमिनीतला हौद नाही, आणि त्यावर टेकवलेली मोटारही नाही. पण ब्लॉक बनवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. माग एकदा काढून लायब्ररीत ठेवायला अमेरिकेची परवानगी लागत नाही. तो ठेवला जात नाही, कारण नकाशात माग दाखवला तर घराला कारखान्याचे नियम लागतील आणि सोफा दाखवला तर कुणी काही विचारणार नाही. सॉफ्टवेअरला सोलापूर कळत नाही, ते आपण त्याच्यापासून लपवलं म्हणून.

दुसरे म्हणतात, सगळ्यांना एकच प्रमाण नकाशा द्या, कटकट मिटेल. त्याचा दाखला गावाशेजारीच आहे. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाली. पत्र्याच्या झोपडीतून पक्क्या घरात जाणं लहान गोष्ट नाही, आणि इतक्या घरांमागे तीस हजार वेगवेगळे नकाशे काढत बसणं शहाणपणाचंही नाही. पण प्रमाण नकाशात खोलीला ‘हॉल’ म्हणतात. विडी वळणारीच्या हातात सूप, पानं आणि तंबाखू आली की तो हॉल सकाळी कारखाना असतो, दुपारी पाळणाघर आणि रात्री झोपायची खोली. एका पॉलीलाइनला तीन नावं देण्याची सोय तिथेही नाही.

तिसरा आक्षेप सरकारला इतका पटला की त्यानं तो नियमच करून टाकला: छोट्या माणसाला तपासणीच्या फेऱ्यात घालूच नका. डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेल्या एकात्मिक विकास नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या छोट्या घराला परवान्यासाठी ताटकळावं लागत नाही; नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्काची पावती पुरते. हेतू उत्तम. पण सोलापुरात प्लॉट मीटरवर विकला जात नाही, आणि दीड गुंठा म्हणजे भरतात १५१.७६ चौरस मीटर. पावणेदोन चौरस मीटरसाठी माणूस सवलतीच्या बाहेर. तेव्हा यापुढे ड्राफ्ट्समनला सर्वाधिक विचारला जाणारा तांत्रिक प्रश्न हाच असेल: प्लॉटची रेघ तेवढी आत कशी घ्यायची? उत्तर सोपं आहे, स्ट्रेच कमांड. फक्त रेघेबाहेर राहिलेली पट्टी कुणाची, हे शेजाऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नये. तो उद्या सकाळी तिथे जिना काढेल आणि नकाशात त्याला ‘बाग’ म्हणेल.