एकाच माणसाचे सहा जण

नायकाचं बरं असतं. चेहरा हेच त्याचं भांडवल, आणि ते मोडायची वेळ त्याच्यावर येत नाही. पोलीस होवो की शेतकरी, भांग तोच. चरित्र अभिनेत्याचा हिशोब उलटा. भूमिका जितकी जमेल तितका तो स्वतः दिसेनासा होतो. मग लोक आपल्याला ओळखत नाहीत याचा आनंद मानायचा की दुःख, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

नागपुरात कळमन्याच्या मार्केट यार्डात याचा पुरावा मिळाला. संत्र्यांचा लिलाव आटोपला होता, मिरचीच्या ढिगांवरून वारा आला की अख्खी चहाची टपरी शिंकत होती. हमाल नाकाला दुपट्टा बांधून मोबाइलवर 'झपाटलेला' पाहत होता. पडद्यावर तात्या विंचू आला तसं मी सहज म्हटलं, "हे दिलीप प्रभावळकर."

"छ्या! प्रभावळकर म्हंजे टिपऱ्यांचे आबा," शेजारचा अडत्या म्हणाला.

ट्रकवाल्याला दोन्ही नावं नवीन. त्याला 'मुन्नाभाई'तले गांधीजी माहीत होते. तिघेही एकच आहेत असं सांगितल्यावर हमालानं दुपट्टा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"कायले फेकून राह्यले भौ?"

माझ्या मते प्रभावळकरांना याहून मोठी दाद मिळालेली नसणार. 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधीजींसाठी (आणि 'शेवरी'साठी) त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो वेगळा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण, दूरदर्शनवरचे चिमणराव, 1991 च्या 'चौकट राजा'तला नंदू, 1993 चा तात्या विंचू. हे सगळे एका घरात जेवायला बसले तर कुणी कुणाला नातेवाईक म्हणणार नाही.

पण चरित्र अभिनेत्याला एक शाप असतो. चिमणराव गाजला की पुढची दहा वर्षं लोक चिमणरावच मागतात. गरीब बिचारा, चष्मेवाला, घाबरट. तुमच्यात चेटकीण आहे, राजपुत्र आहे, हे तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार? यावर उपाय एकच : आपली भूमिका आपणच लिहावी. प्रभावळकरांनी 'हसवाफसवी' लिहिलं आणि हात सैल सोडला. एकदम सहा भूमिका! त्यात नाना पुंजे आहेत, एक बाई आहे, एक परदेशी राजपुत्र आहे आणि कृष्णराव हेरंबकर हे जुन्या वळणाचे म्हातारे गायकनटही आहेत. दुसऱ्या कुणा नाटककारानं एका नटाला सहा भूमिका दिल्या असत्या, तर निर्मात्यानं आधी त्याची तब्येत विचारली असती.

मला यात गंमत वाटते ती लेखकाची. ज्याला स्वतःच विग चढवायचा आहे तोच ओळखून असतो, की मिशी उतरवून लुगडं नेसायला किती वेळ लागतो. म्हणजे तेवढा वेळ रंगमंचावर दुसऱ्या कुणीतरी बोलत राहायला हवं. नाटकातला एखादा प्रवेश थोडा लांबला असेल तर समीक्षकानं खुशाल शैलीचा विचार करावा. मला मात्र विंगेत पदर खोचणारे प्रभावळकर दिसतात.

कथालेखनातही त्यांनी हीच लपाछपी केली. 'अनुदिनी'त टिपरे कुटुंबातली माणसं रोजनिशी लिहितात. लेखक स्वतः कुठेच नाही. 'बोक्या सातबंडे' तर चक्क शाळकरी पोराच्या वेषात. 'अनुदिनी'वरून अल्फा मराठीवर (आताच्या झी मराठीवर) 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिका आली तेव्हा ते आबा झाले, म्हणजे आपणच लिहिलेल्या घरातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

कळमन्यातल्या त्या अडत्याला मी नंतर नीट ऐकलं. बोली लावताना कडक, शेतकऱ्याशी मऊ, फोनवर व्यापाऱ्याशी तिसराच. त्यालाही आपल्या भूमिका स्वतःच लिहाव्या लागतात, फक्त टाळ्या नाहीत आणि दोन टक्के कमी मिळाले तर शिव्या.

2025 मध्ये 'दशावतार' चित्रपट आला. त्यात एक्क्याऐंशीचे प्रभावळकर बाबुली मेस्त्री नावाचे दशावतारी कलावंत झाले आहेत. म्हणजे आयुष्यभर वेष बदलणाऱ्या माणसानं वेष बदलणाऱ्या माणसाची भूमिका केली. ती मात्र त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. दुसऱ्या कुणालातरी आपल्यासाठी एवढे वेष लिहावेसे वाटायला माणसाला ऐंशी ओलांडावी लागते, असं दिसतं.