रुमाल दोन घ्यावेत : जपानी रडक्या प्रेमपटांच्या नवप्रेक्षकांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तावना

एक शाळकरी मुलगा, एक शाळकरी मुलगी, दोघांपैकी एकाला असाध्य आजार, थोडा समुद्र, थोडी चेरीची फुलं आणि शेवटी कुणाच्या तरी हाती लागलेली वही. एवढ्या भांडवलावर जपानी सिनेमा निदान १९६४ पासून प्रेक्षकांना रडवतो आहे. त्या वर्षी निक्कात्सु कंपनीने एका कर्करोगग्रस्त तरुणीच्या आणि तिच्या मित्राच्या खऱ्या पत्रव्यवहारावर सिनेमा काढला. सायुरी योशिनागा नायिका होती. हा धंदा चालतो, हे तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे २००४ मध्ये इसाओ युकिसादा यांच्या ‘क्राइंग आउट लव्ह, इन द सेंटर ऑफ द वर्ल्ड’ने सुमारे ८५० कोटी येनचा गल्ला जमवला.

आता हेच सिनेमे ओटीटीवरून थेट आपल्या दिवाणखान्यात उतरतात. घरची मंडळी मात्र ‘काहीतरी हलकंफुलकं लाव गं’ म्हणत पाय पसरून बसलेली असतात. पोस्टरवर शाळेच्या गणवेशातली दोन गोड पोरं दिसतात, म्हणजे हलकंफुलकंच असणार, अशी समजूत होते. दोन तासांनी अख्खं घर नाक ओढत असतं आणि कुकर लावायचा राहून गेलेला असतो. हे टाळता येत नाही. निदान रीतसर व्हावं, म्हणून ही मार्गदर्शिका.

पात्रता

अट एकच : ‘मला सिनेमा बघून कधी रडू येत नाही’ असं आजवर एकदा तरी चारचौघांत म्हटलेलं असावं.

साहित्य

रुमाल दोन. पहिला डोळ्यांसाठी, हा दाखवायचा. दुसरा नाकासाठी, त्याची वाच्यता करायची नाही.

पाण्याचा तांब्या जवळ असावा. खायला कुरकुरीत काही घेऊ नये. या सिनेमांत शांतता फार असते. पात्रं तीन-तीन सेकंद नुसती एकमेकांकडे बघतात. नेमक्या त्या वेळी वाटीतल्या चिवड्यात कुणी हात घातला, तर घरात कायमचं वैर येतं. मोबाइल शेजारच्या खोलीत ठेवावा, नाहीतर विसाव्या मिनिटाला कुणीतरी गुपचूप ‘शेवटी मरते का’ असं शोधतं आणि उरलेला वेळ ज्ञानी चेहऱ्याने बसतं.

पाठ १ : शीर्षकाला घाबरू नये

सुरुवात ‘लेट मी ईट युअर पॅन्क्रियाज’पासून करावी. योरु सुमिनो यांची ही कादंबरी २०१५ मध्ये पुस्तकरूपात आली, २०१७ मध्ये शो त्सुकिकावा यांनी तिच्यावर सिनेमा केला आणि २०१८ मध्ये ॲनिमेशनपटही निघाला. ‘मला तुझं स्वादुपिंड खायचंय’ हे नाव ऐकून घरातले ज्येष्ठ ‘हे भुताखेताचं आहे का?’ असं विचारतील. नाही म्हणून सांगावं. शरीराचा जो अवयव आजारी, तोच प्राण्याचा खाल्ला की बरं वाटतं, अशी एक जुनी समजूत नायिकेने ऐकलेली असते. तिचं स्वादुपिंड निकामी होत चाललंय. म्हणून ती बिचाऱ्या नायकाला समोर बसवून भाजलेल्या वजडीवर आणि तत्सम वस्तूंवर आनंदाने ताव मारते. शाकाहारी घरात हा प्रसंग पुढे ढकलावा. बाकी सिनेमा सात्त्विक आहे.

शीर्षकाच्या बाबतीत जपानी निर्माते फार प्रामाणिक असतात. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ड्रॉइंग क्लोजर’ नावाने आलेल्या सिनेमाचं मूळ जपानी नाव साधारण असं आहे : वर्षभराचं आयुष्य उरलेला मी सहा महिन्यांचं आयुष्य उरलेल्या तुला भेटलो, त्याची गोष्ट. नावातच हिशेब मांडून दिलाय. यानंतरही कुणी ‘मला काही कल्पनाच नव्हती’ म्हणून रडू लागलं, तर जबाबदारी त्याची.

पाठ २ : शेवट विचारू नये, तो आधीच सांगितलेला असतो

नवशिक्याचा ठरलेला प्रश्न : ‘पण ती वाचेल ना?’ वाचणार नाही. ‘पॅन्क्रियाज’ची सुरुवातच तिच्या अंत्यविधीच्या उल्लेखाने होते. ‘क्राइंग आउट लव्ह’मध्ये नायक चांगला मोठा होऊन जुन्या गावी परततो तेव्हा नायिका जाऊन कैक वर्षं लोटलेली असतात.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे जरा जड जातं. ‘अगं, पण डॉक्टर काय म्हणतात? मुंबईला न्यायचं ना!’ असं एखादी मावशी पडद्याकडे बघत म्हणतेच. तिला समजवावं की इथे डॉक्टरांचं काम फारसं नसतं. दवाखान्याच्या बाहेर उरलेल्या दिवसांत पोरं काय करतात, एवढंच बघायचं आहे. एकदा शेवट मान्य केला की प्रेक्षक मोकळा होतो आणि बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला लागतो. दिग्दर्शक त्याचीच वाट बघत असतो.

पाठ ३ : पहिल्या तासात रडू नये

मरणारी मुलगी या सिनेमांत सगळ्यांत आनंदी असते. ती हसते, खोड्या काढते, गाडीत बसवून नायकाला क्यूशू बेटावर घेऊन जाते. तोंड पाडून बसलेला असतो तो नायक. अशा वेळी प्रेक्षकाने रडणं म्हणजे लग्नाच्या मांडवात पाठवणीचं रडू अक्षतांआधीच काढण्यासारखं. धीर धरावा.

यातला उत्तम गुरू खुद्द ‘पॅन्क्रियाज’चा नायकच आहे. मुलगी गेल्यावर तो लगेच रडत नाही. अंत्यविधीला जात नाही. बरेच दिवस खोलीत काढतो, मग तिच्या घरी जातो, तिने लिहिलेली वही वाचतो, वाचून मिटतो, आणि तिच्या आईला विचारतो की आता मी रडलो तर चालेल का. आई हो म्हणते आणि मग तो जो सुटतो, त्याच्याबरोबर सगळं थिएटर सुटतं. तासभर दात आवळून बसलेले बाबा, भाऊ, मेहुणे यांनी हीच जागा राखून ठेवावी. पोरगा रीतसर परवानगी घेऊन रडतोय. त्याच परवानगीवर आपलंही भागतं.

पाठ ४ : कशावर रडावं

हा मुख्य पाठ आहे, म्हणून इथे थोडं थांबू. नवशिक्याला वाटतं, आपण मरणावर रडतो. तसं असतं तर मारधाडीच्या सिनेमात तिसऱ्या मिनिटाला रुमाल लागला असता. रडू येतं ते पोचायला हवी होती पण पोचली नाही, किंवा फार उशिरा पोचली, अशा एखाद्या क्षुल्लक वस्तूवर.

‘क्राइंग आउट लव्ह’मधली कॅसेट घ्या. १९८६ साल, शिकोकू बेटावरचं समुद्रकाठचं गाव, वॉकमनचा जमाना. साकुतारो आणि आकी एकमेकांना कॅसेटवर बोलून पाठवतात. आकीला ल्युकेमिया होतो तेव्हा तिच्या कॅसेटी त्याच्यापर्यंत एक लहान मुलगी पोचवत असते. शेवटची कॅसेट घेऊन निघालेल्या त्या मुलीला अपघात होतो आणि ती कॅसेट तशीच राहते. ती त्याच्या कानावर पडते तेव्हा त्याचं दुसऱ्या कुणाशी लग्न ठरलेलं असतं, आणि वाग्दत्त वधू म्हणजे तीच लहान मुलगी. योगायोग फार झाला, असं म्हणायला तोंड उघडावं, पण तोपर्यंत वॉकमनचं बटण दाबल्याचा ‘खट्’ आवाज होतो आणि तोंड तसंच उघडं राहतं.

‘पॅन्क्रियाज’मध्ये हीच जागा मोबाइलच्या संदेशाला मिळते. नायक तिला एकच ओळ पाठवतो, जिवाच्या आकांताने शोधून काढलेली. उत्तर येत नाही. तिने ती वाचली होती की नाही, या एका प्रश्नावर प्रेक्षक शेवटची वीस मिनिटं टांगलेला असतो. मरण त्याने पहिल्याच मिनिटाला पचवलेलं असतं. तो संदेश काही पचत नाही. आपण प्रत्येकाने कुणालातरी उत्तर द्यायचं ठेवलेलं असतं, ‘नंतर सावकाश लिहू’ म्हणून. हे सिनेमे नेमकं तिथे बोट ठेवतात, आणि ते बोट शाळेच्या गणवेशातल्या पोराचं असल्यामुळे आपण सावध नसतो.

पाठ ५ : फसवणूक झाल्यास

(ज्यांनी ‘पॅन्क्रियाज’ पाहिलेला नाही त्यांनी हा पाठ गाळावा. नवशिके गाळणार नाहीत, हे ठाऊक आहे.)

नायिका आजाराने जातच नाही. हाताशी काही महिने असताना, नायकाला भेटायला निघालेली असताना, रस्त्यावर एक माथेफिरू तिला भोसकतो. या जागी प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट संतापतो : इतका वेळ मन घट्ट केलं ते काय यासाठी? दुसरा तट गप्प होतो. नवशिक्याने आधी संतापावं, मग गप्प व्हावं. क्रम उलटा करू नये. कारण रागाच्या भरात आपण जे ओरडतो, ‘तिच्याकडे अजून वेळ होता!’, तेच तर दिग्दर्शकाला आपल्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. दिवस मोजून दिलेली मुलगी आणि मोजलेले नाहीत म्हणून निर्धास्त असलेला मुलगा, उद्या दोघांनाही तेवढाच अनिश्चित होता.

पाठ ६ : सहप्रेक्षकांची ओळख

वैद्यकीय शंकेखोर : ‘एवढा आजार, आणि केस बघा किती छान!’ याला सांगावं की ‘क्राइंग आउट लव्ह’साठी मासामी नागासावा या अभिनेत्रीने खरोखर डोकं भादरून घेतलं होतं. तो दोन मिनिटं गप्प बसतो.

चेहरा-गोंधळी : ‘हा मघाचाच का?’ जुना काळ आणि आजचा काळ आलटून पालटून येतात तेव्हा हा प्रश्न रास्त असतो. उत्तर हळू द्यावं.

प्रतिज्ञाबद्ध : छताकडे बघतो, पंख्याची पाती मोजतो, मध्येच पाणी प्यायला उठतो आणि स्वयंपाकघरात बराच वेळ लावतो. त्याच्या मागे जाऊ नये.

ठरवून रडणारा : हा जपानमध्ये रीतसर आढळतो. तिथे २०१३ पासून ‘रुइकात्सु’ म्हणजे एकत्र जमून रडण्याचे कार्यक्रम होतात. कल्पना हिरोकी तेराई यांची. त्याआधी ते घटस्फोटाचे समारंभ घडवून आणत. लोक तिकीट काढून येतात, करुण चित्रफिती बघतात, रडतात आणि हलके होऊन घरी जातात. आपल्याकडे ही सोय नात्यातल्या लग्नांत फुकट होते, म्हणून संस्था निघाली नाही.

पाठ ७ : नामावली सुरू झाल्यावर उठू नये

जपानी थिएटरमध्ये शेवटची नामावली पूर्ण सरकून पडदा काळा होईपर्यंत दिवे लागत नाहीत आणि बहुतेक लोक जागचे हलत नाहीत. या पाच मिनिटांचा उपयोग तोंड पुसायला होतो; त्यासाठी सोबत गाणंही दिलेलं असतं. ‘क्राइंग आउट लव्ह’चं केन हिराई यांनी गायलेलं गाणं त्या वर्षी जपानमध्ये सगळ्यांत जास्त खपलं.

आपल्या मल्टिप्लेक्समध्ये पहिलं नाव उमटायच्या आत दिवे लागतात, दार उघडतं आणि काळी पिशवी घेऊन सफाईवाले दादा पायाशी उभे राहतात. सुजलेल्या डोळ्यांनी पॉपकॉर्नचा डबा त्यांच्या हाती देण्यासारखी नामुष्की नाही. म्हणून असा सिनेमा आपल्याकडे घरीच पाहावा आणि ‘पुढचा भाग पाच सेकंदांत’ म्हणणारी ती चौकट वेळीच बंद करावी.

पाठ ८ : दुसऱ्या दिवशी टीका करावी

रडून झाल्यावर माणसाला लाज वाटते आणि लाजेतून समीक्षा जन्मते. तयार मुद्दे असे : आजार म्हणजे नुसती सजावट आहे; मुलगी सुंदर दिसतच मरते; मुलगा शहाणा व्हावा म्हणून मुलीला जावं लागतं. तिन्ही मुद्दे खरे आहेत, जपानी समीक्षकांनाही ते सुचलेले आहेत. फक्त बोलताना आवाज फुटू देऊ नये. समतोलासाठी २०२२ मधला ताकाहिरो मिकी यांचा ‘ईव्हन इफ धिस लव्ह डिसअपिअर्स फ्रॉम द वर्ल्ड टुनाइट’ पुढे करावा. त्यात रोज सकाळी आदला दिवस विसरणारी मुलगी मागे राहते आणि मुलगा जातो. तिला दुःख नको म्हणून तिच्या नोंदींतून त्याचं नावही काढून टाकलं जातं. तिला आठवतच नाही, मग त्याच्यासाठी रडायचं कुणी? ते काम प्रेक्षकाकडे येतं. दक्षिण कोरियात दहा लाखांहून जास्त लोकांनी तिकीट काढून ते केलं.

शंकानिरसन

*सिनेमा दुसऱ्यांदा पाहिल्यावर रडू कमी येतं का?*
जास्त येतं, आणि लवकर येतं. ती कॅसेट कुठे अडकणार आहे, हे आता पहिल्या प्रसंगापासून माहीत असतं.

*लहान मुलांना दाखवावा का?*
मुलं रडत नाहीत. ती आपल्याकडे बघत बसतात आणि शाळेत जाऊन सांगतात.

*ऑफिसात सुजलेल्या डोळ्यांचं काय सांगावं?*
जपानी माणूस वसंत ऋतूत देवदाराच्या परागकणांवर ढकलतो. तिथे निम्मं ऑफिस त्या दिवसांत मास्क लावून शिंकतच असतं, त्यामुळे कुणी खोलात जात नाही. आपल्याकडे कांदा आहे. कांदा चिरायचं काम घरात आपल्याकडे नसेल, तर ते सिनेमाच्या आदल्या आठवड्यापासून अंगावर घ्यावं.